कडप्पा, सायकलची ट्यूब आणि दोन टर्नटेबलं: एका मोफत रात्रीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आमच्या ग्रुपच्या मोफत डीजे-रात्रीसाठी जागा नक्की झाली. पुणे स्टेशनच्या अलीकडे एक जुनं गोदाम आहे, त्यात आता बार चालतो. खाली शहाबादी फरशीचा हॉल, वर लोखंडी चॅनेलवर प्लाय टाकून केलेला पोटमाळा. मालकाचं गाऱ्हाणं एवढंच की गुरुवार कोरडा जातो. आमची अट एवढीच की दारात तिकीट नको, कव्हर चार्ज नको, टेबल बुकिंगची सक्ती नको. बार ठरावीक रक्कम देणार, त्यातून डीजेंचं मानधन, प्रवास, राहणं आणि साउंडचं भाडं भागवायचं. उरलं तर आमचं. उरत नसतं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

तारीख गुरुवार, २० नोव्हेंबर. २७ तारखेपासून मार्गशीर्षातले गुरुवार लागतात, मग महिनाभर निम्मं गिऱ्हाईक घरी घट मांडून बसतं. व्यवस्थापकांनी कॅलेंडर बघून २०ला अमावस्या असल्याचं शोधून काढलं, आणि ती दुपारीच संपते म्हणून स्वतःच मिटवलं.

येणारे दोघं. एक बेंगळुरूचा, स्क्रॅच करणारा, म्हणजे फिरती तबकडी हाताने मागेपुढे करून वाजवणारा. एक कोलकात्याची, ती फक्त सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्या वाजवते. दोघं मिळून दौऱ्यावर आहेत: हैदराबाद, गोवा, पुणे, मुंबई. तुम्ही नेमकं काय वाजवता, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. इथिओपियाचा जॅझ, नायजेरियाचं हायलाइफ, कोलंबियाची कुंबिया, कॅरिबियन बेटांवर गाजलेल्या बाबला आणि कंचन यांच्या ‘चटणी’, म्हणजे भारतीय-कॅरिबियन नाचगाण्यांच्या रेकॉर्डी, मद्रासचं सिनेमासंगीत, सगळं एकाच पेटीत. पोस्टरवर काय लिहायचं? मी ‘मिळेल ते’ असं सुचवलं. ग्रुपला आवडलं, डिझायनरला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोघांचं मागणीपत्र आलं. दोन डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलं, म्हणजे तबकडी फिरवणारी यंत्रं, शक्यतो टेक्निक्स एसएल-१२००, एमके२ (दुसरी आवृत्ती) किंवा पुढचं. दोन चॅनेलचा बॅटल, म्हणजे स्क्रॅचवाल्यांचा मिक्सर, त्याचा क्रॉसफेडर (एका टर्नटेबलावरून दुसऱ्यावर जायची आडवी पट्टी) ढिला नको. टर्नटेबलं ‘बॅटल’ पद्धतीने, म्हणजे काटकोनात फिरवून, सुईचा दांडा पलीकडच्या बाजूला. टेबल कमरेच्या वर, तीन फुटांच्या आसपास. आणि शेवटची ओळ जाड अक्षरात: टेबल हलता कामा नये. जेवणाखाण्याबद्दल चकार शब्द नाही. अशी माणसं मला आवडतात.

व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, आपल्याकडे कंट्रोलर आहे की. दिवाळीआधीच घेतलाय. पेन ड्राइव्ह लावा, झालं.”

कंट्रोलरवर फाइली वाजतात, तबकड्या नाहीत. त्यांना समजावलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक जागी हा प्रश्न येणार आहे. साध्या घरगुती रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा तबकडीचा ताट फिरवतो. हाताने ताट मागेपुढे केलं की पट्टा ताणतो, घसरतो, वेग सावरायला वेळ लागतो. जपानच्या मात्सुशिताने टेक्निक्स या नावाखाली १९७० साली एसपी-१० काढला, त्यात मोटरच ताटाच्या खाली आली, पट्टा गेला. १९७२मध्ये त्याच कुळातला एसएल-१२०० आला, तो बैठकीच्या खोलीत बसून ऐकणाऱ्यांसाठी. १९७३च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क एका इमारतीच्या हॉलमध्ये दोन टर्नटेबलांवर गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवत होता. तिथल्या डीजे मुलांच्या हाताखाली टिकेल असं यंत्र कोणतं, हे पुढच्या काही वर्षांत ठरून गेलं. एमके२मध्ये वेग वरखाली करायची सरळ पट्टी आली, आठ टक्के वर, आठ टक्के खाली. २०१०मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं, २०१६मध्ये पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात जुन्या यंत्रांचे भाव जे चढले ते उतरले नाहीत.

“म्हणजे भाड्याने आणायचं,” व्यवस्थापक म्हणाले. म्हणजे त्यांना समजलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीचा आठवडा गेला, आता माणसं फोन उचलू लागली.

आज जागेवर साउंडवाल्याबरोबर गेलो. बारचा डीजे वर पोटमाळ्यावर उभा राहतो, रोषणाई तिथे, पोस्टरसाठी फोटोही तिथलेच. साउंडवाल्याने स्वतःचं एक टर्नटेबल आणलं होतं. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली, मोटर बंद, आणि मिक्सरवर आवाज हळूहळू वाढवत नेला. अर्ध्याच्याही अलीकडे घूं सुरू झालं. आधी बारीक, मग खालच्या ग्लासांना ऐकू जाईल असं. ग्लास खरोखरच किणकिणले.

सगळ्या रात्रीचा गाभा इथेच आहे. सुई म्हणजे मुळात थरथर पकडायचं यंत्र. खोबणीतली थरथर आणि फरशीतली थरथर यांतला फरक तिला कळत नाही. सबवूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरचा बेस फरशीत जातो, फरशीतून टेबलात, टेबलातून सुईत, सुईतून अँप्लिफायरमध्ये, तिथून पुन्हा सबमध्ये. चक्र पूर्ण. कंट्रोलरला हा आजार नसतो, म्हणून आजच्या क्लबांनी त्याची काळजी करणंच सोडून दिलं. चॅनेलवर टाकलेला प्लाय तर ढोलकीची पुडीच. त्यावर माणसं नाचली तर बेसचीही गरज नाही, सुई आपोआप उड्या मारेल.

ठरलं: डीजे खाली. शहाबादी थेट जमिनीवर घातलेली आहे, तिथे पाय आपटला तरी पलीकडे काही पोचत नाही. भिंतीपासून दूर, कोपऱ्यात तर नाहीच, कारण खोलीतला बेस कोपऱ्यात साचतो. साउंडवाला साठ हर्ट्झचा एकच खोल सूर वाजवत हॉलभर फिरला आणि जिथे कान जवळजवळ रिकामा वाटला तिथे खडूने फुली मारली. नेमकी बारच्या काउंटरसमोर. व्यवस्थापकांनी फुलीकडे बघितलं, काउंटरकडे बघितलं, आणि “गिऱ्हाईक पाणी मागायला कुठून येणार?” असं विचारलं. रास्त प्रश्न. दोन फूट सरकवलं.

२ नोव्हेंबर, रविवार

फरशीवाल्याकडे.

“मामा, दीड इंची कडप्पा हवाय. वीस बाय सोळा इंच. दोन तुकडे.”

“ओट्याला?”

“नाही. गाण्याच्या मशीनखाली.”

मामांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि थोडा वेळ माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, “मशीनला ग्रॅनाइट घ्या, चकचकीत दिसेल.” दिसायला नको, जड हवं, असं म्हटल्यावर त्यांना रस आला. कडप्पाच्या थप्पीतून दोन तुकडे निवडताना ते बोटाच्या पेराने टकटक करून ऐकत होते. ज्यात बारीक चीर असते तो बद्द वाजतो, म्हणाले. कडा घासून, कोपरे मारून दिले. एका तुकड्याचं वजन साधारण २२ किलो भरलं. टेक्निक्स स्वतः बारा किलोच्या आसपास.

हिशेब असा की जड वस्तू मऊ स्प्रिंगवर तरंगत ठेवली की ठरावीक वेगाच्या वरच्या सगळ्या थरथरी तिच्यापर्यंत पोचत नाहीत. स्प्रिंग म्हणून लहान मुलांच्या सायकलच्या बारा इंची ट्यूबा. प्रत्येक कडप्प्याखाली एक, अर्धवट हवा भरून. जगभरच्या डीजेंची ही जुनी युक्ती आहे, त्यात आमचं काही नाही. विकत मिळणारे रबरी पायही असतात, पण दोन टर्नटेबलांसाठी त्यांच्या किमतीत कडप्पा, ट्यूबा, टेम्पो आणि हमाली धरूनही पैसे उरले. पंक्चरवाल्याने मात्र हवा गच्च भरून दिली होती. कमी कर म्हटलं तर म्हणाला, “पंक्चर होईल ना असं चालवलं तर.”

सुताराला टेबलाची खोली वाढवायला सांगितली. टर्नटेबल आडवं न ठेवता उभं ठेवणार, म्हणजे दोन फूट खोली हवीच. उंची कडप्पा आणि ट्यूब धरून मोजायची.

५ नोव्हेंबर, बुधवार

परवानग्या. कंटाळवाणं काम, थोडक्यात लिहितो.

प्रवेश मोफत असला तरी संगीताचा परवाना लागतोच. दारात पैसे घेत नाही म्हणून सूट मिळते, हा पुण्यातल्या निम्म्या आयोजकांचा गोड गैरसमज. बार हा धंदा आहे आणि संगीत त्या धंद्यासाठी वाजतं. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल, शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस, अशा दोन संस्था. बारकडे वार्षिक कागद आहेत, ते बघून घेतले. एक गमतीची गोष्ट: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी निघालेल्या तबकड्यांचा तो हक्क आता संपला. चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे जुनी रेकॉर्ड आहे, वाजवा बिनधास्त, असं होत नाही.

वय: महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. मोफत म्हटल्यावर कॉलेजची पोरं येणार, यावीतही. गाण्यासाठी येणाऱ्या पोराला हाकलणं मला मान्य नाही. दारात ओळखपत्र बघून मनगटाला दोन रंगांच्या पट्ट्या, आणि काउंटरवर एकाच रंगाला दारू. व्यवस्थापक आधी कुरकुरले, मग म्हणाले, “लिंबू सरबताचा भाव वाढवतो.”

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी जुन्या बाजारात. काम असं नव्हतं, पण कोलकात्याच्या बाईंनी विचारलं होतं: तुमच्याकडची ढोलकी असलेली ४५ मिळेल का? मिळाली. सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांची सात इंची ईपी (दोन-चार गाण्यांची छोटी तबकडी), कव्हर अर्धं वाळवीने खाल्लेलं, तबकडी मात्र उजेडात धरली तर काळीभोर, खोबण शाबूत. विक्रेता नट-बोल्टांच्या ढिगाशेजारी रेकॉर्डी मांडून बसला होता. भाव सांगितला तो ऐकून मी उठलो, चार पावलं गेलो, त्याने हाक मारली. नेहमीचंच.

दुसरी प्रत हवी होती, ती मिळाली नाही आणि मिळणारही नव्हती. कूल हर्कची पद्धत एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींवर उभी आहे: एकीवर तालाचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच पहिल्यापासून. अमेरिकेत एकेका फंक रेकॉर्डच्या हजारो प्रती दुकानांत पडून होत्या. आपल्याकडे लावणीची एक प्रत धड सापडली तरी नशीब. मुंबईचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं, तेव्हापासून माझ्यासारख्यांची भिस्त अशा ढिगांवरच.

बाईंना फोटो पाठवला. लगेच उत्तर: मधलं भोक लहान की मोठं? लहान. भारतात निघालेल्या सात इंचींना मोठ्या, बारा इंची एलपीसारखंच लहान भोक असतं, अमेरिकेतल्या आणि जमैकातल्या बहुतेकांना दीड इंची मोठं, त्याला मध्ये चकती लागते. ती सेटमध्ये सारखी चकती घालत-काढत असते म्हणून आधी विचारून ठेवते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भाड्याची टर्नटेबलं आली. त्यातलं एक जपानी बाजारातलं निघालं, १०० व्होल्टचं. पुरवठादाराने ट्रान्सफॉर्मर सोबत दिला होता म्हणून बरं, नाहीतर २३० व्होल्टवर लावलं असतं तर धूरच. ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली चालणार नाही, सुईच्या जवळ आला की तो स्वतःच गुणगुणायला लागतो. लांब वायर काढून काउंटरच्या आत ठेवला.

तरीही दोन्हींत हम, म्हणजे विजेची गुणगुण होती. टर्नटेबलाची बारीक अर्थची तार मिक्सरच्या स्क्रूला घट्ट लावली, हम थोडा कमी झाला. वायरमनला बोलावलं. तो बाटल्यांच्या फ्रीजकडे गेला, प्लग काढला, हम गेला. लावला, आला. फ्रीज, दिव्यांचे डिमर आणि साउंड एकाच लायनीवर होते. साउंडला थेट बोर्डातून वेगळी लाइन दिली. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि वाटेत त्याला शेकडो पटींनी वाढवायचं असतं, त्यामुळे शेजारच्या फ्रीजची कुरकुरही गाण्यात येते.

इथेच मिक्सरच्या ‘फोनो’ (टर्नटेबलसाठी) आणि ‘लाइन’ (बाकी यंत्रांसाठी) या दोन जोडण्यांचा घोळ साउंडवाल्याच्या नव्या पोराला समजावून सांगितला. तबकडी कापताना बेस मुद्दाम दाबतात आणि तीक्ष्ण सूर वाढवतात, नाहीतर बेसने खोबण एवढी रुंद होईल की एका बाजूला दोनच गाणी बसतील. वाजवताना उलटं करायचं, ते काम ‘फोनो’ करतं. किती दाबायचं आणि किती वाढवायचं याचं माप, म्हणजे आरआयएए वक्र, १९५०च्या दशकात ठरलं. वीस हर्ट्झला जवळजवळ वीस डेसिबलची वाढ मिळते. म्हणजे बेस आपण वाजवताना परत भरतो, आणि त्याबरोबर फरशीची घरघरही तेवढीच वाढवतो. पोरगा म्हणाला, “म्हणून कडप्पा!” त्याला काम शिकवायला हरकत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टेबल, कडप्पा, ट्यूबा, सगळं जागेवर बसवलं. बेंगळुरूच्या पोराने फोनवर सांगितल्याप्रमाणे सुईचा दाब लावला. स्क्रॅचसाठी जास्त दाब हवा, नाहीतर मागेपुढे करताना सुई खोबणीतून निसटते. जास्त दिला तर रेकॉर्ड खरवडते. शूअरची एम४४-७ ही स्क्रॅचवाल्यांची लाडकी सुई. २०१८मध्ये कंपनीने सुयांचा धंदाच सोडला, तेव्हा त्याने म्हणे चार साठवून ठेवल्या. आता त्यातलीच एक गोव्यात वाकली आहे. इथे ऑर्टोफोनची सुई लावणार.

चाचणी: थांबलेली तबकडी, सुई खाली, आवाज वाढवत जायचं. पोटमाळ्यावर अर्ध्यात घूं करणारं टर्नटेबल इथे शेवटपर्यंत गप्प राहिलं. मग कडप्प्यावर बोटाने टिचकी मारली. सबमधून एक मंद, जाड ‘धुप्’ आला आणि विरला, मागे घूं नाही. टेबलाच्या लाकडावर टिचकी मारली, काही नाही. साउंडवाल्याने स्वतः टेबलाशेजारी चांगल्या शंभर किलोच्या उड्या मारल्या, काही नाही. पंचवीस हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा फिल्टरही लावून ठेवला, कारण तिथे संगीत नसतं, तबकडीचा बाक असतो.

एक अडचण राहिली. कडप्पा तरंगता असल्यामुळे हात जोरात पडला की टर्नटेबल पाण्यातल्या होडीसारखं किंचित डुलतं. ४५वालीला चालेल, स्क्रॅचवाल्याला नाही. त्याच्या बाजूची ट्यूब थोडी जास्त फुगवली. डुलणं कमी, बचावही थोडा कमी. पंक्चरवाल्याचं अर्धं ऐकलं म्हणायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोघं पहाटे गोव्याहून बसने आले. विमान का नाही, तर देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो सामान नेता येतं आणि कव्हरसकट साठेक एलपी भरल्या की तेवढं वजन होतं. बसच्या डिकीतही ठेवत नाहीत, तिथली उष्णता लागली की विनाइल मऊ पडून वाकतं. पेट्या सीटखाली, पाय पेट्यांवर, आंबोली घाट, रात्रभर. आल्या आल्या दोघं मिसळीवर तुटून पडले.

संध्याकाळी साउंड चेक. बाईंनी लावणीची ईपी आधी पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ केली, मग वाजवली. सुरुवातीला दहाएक सेकंद नुसती ढोलकी आहे. तिने घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला ११८ ठोके. मग ४५ची तबकडी ३३ फेऱ्यांच्या वेगावर टाकली. वेग पाऊणपटीखाली आला, साधारण ८७. ढोलकीचा डावा हात खोल, दमदार झाला, चाटीचा आवाज जड झाला. हिप-हॉपची चाल आपोआप तयार. आवाज मात्र असा वाजवता येत नाही, सुलोचनाबाईंच्या गळ्यातून पुरुष गायला लागतो. म्हणून फक्त ती दहा सेकंदं घ्यायची.

दुसरी प्रत नाही, मग बेंगळुरूवाल्याने तेवढा तुकडा लॅपटॉपवर मुद्रित करून घेतला. त्याच्याकडे टाइमकोडची तबकडी आहे: तिच्यात गाणं नसतं, फक्त एक शिट्टीसारखा सूर, त्यावरून संगणकाला कळतं की हात कुठे आहे आणि किती वेगाने चाललाय. उजवीकडे खरी रेकॉर्ड, डावीकडे तिचीच सावली. शुद्धतावाले नाक मुरडतील. मुरडोत.

समोरच्या सोसायटीतले एक काका गेटवर आले. भांडायला नाही, चौकशीला. मी मोबाइल नंबर दिला, त्यांनी त्यांचा दिला. मीटरने गेटवर आवाज मोजला, ठीक होता. पण काका म्हणाले, “तुमचा आकडा काहीही असो, आमच्या खिडकीची काच वाजते.” त्यांचं बरोबर होतं. नियमातली मर्यादा डेसिबल ‘ए’मध्ये असते आणि ‘ए’चं माप माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी मोजतं, साठ हर्ट्झच्या आसपास २६-२७ डेसिबलने कमी. त्यामुळे बेस मीटरवर दिसत नाही आणि काचेवर ऐकू येतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर निवासी भागात ४५ आणि व्यापारी भागात ५५ची मर्यादा आहे. ती पाळूनही काकांची झोप उडवता येते.

मागचं शटर पूर्ण बंद, आत जाड पडदा, आणि सब मागच्या भिंतीपासून काढून हॉलच्या मध्याकडे. पन्नास हर्ट्झच्या आसपासचा बेस साउंडवाल्याने थोडा दाबला. काकांना फोन करून विचारलं. “आता बरं आहे. दूध तापतंय ते ऐकू येतंय.”

२० नोव्हेंबर, गुरुवार

रात्री साडेआठला दार उघडलं. पहिला तासभर हॉलमध्ये आम्ही, बारची माणसं आणि भिंतीला टेकलेली पाचसहा पोरं. मोफत रात्रीचा हा ठरलेला स्वभाव. तिकीट काढलेला माणूस वेळेवर येतो कारण पैसे गेलेत. फुकटवाला मित्र आल्यावर येतो, आणि मित्र जेवून येतो.

बाईंनी हळू सुरुवात केली, इथिओपियाच्या जॅझने, मग घानाचं हायलाइफ. तिच्या हालचालीत घाई अशी नाहीच. एक ४५ तीन मिनिटांची, म्हणजे दर तीन मिनिटांनी नवी तबकडी, चकती, सुई, हेडफोन, वेग. जुन्या रेकॉर्डींचा अजून एक त्रास म्हणजे त्या माणसांनी वाजवलेल्या आहेत. घड्याळासारखा ठोका नाही, गाणं रंगात आलं की ढोलवाला पळतो. संगणकावर दोन गाणी एकदा जुळवली की जुळलेली राहतात. इथे दोन्ही चालू असेपर्यंत तिचं बोट ताटाच्या कडेवर, कधी किंचित रोखायचं, कधी ढकलायचं. समोर उभं राहून बघणाऱ्यांना हे दिसतं. डीजे खाली आणल्याचा हा फायदा मी धरला नव्हता: पोरं टेबलाला वेढा घालून उभी राहिली, हात बघत. पोटमाळ्यावर फक्त डोकं दिसलं असतं.

दहाच्या सुमाराला हॉल भरला. आयटीतली मंडळी, फर्ग्युसनची पोरं, दोन पन्नाशीचे गृहस्थ जे स्वतःच्या रेकॉर्डी पिशवीत घेऊन आले होते आणि कोणीतरी विचारावं याची वाट बघत होते. बेंगळुरूवाला आला. त्याने कुंबिया आणि मद्रासच्या तबल्याची अशी काही गाठ मारली की बघे नाचायला लागले. वेढा घातलेल्यांतली एक मुलगी टेबलावर ग्लास ठेवायला गेली, तर साउंडवाल्याच्या पोराने तो अलगद उचलून तिच्या हातात परत दिला.

अकराला लावणी. ढोलकी जड चालीत, ८७वर, वर स्क्रॅच, खाली काही नाही. पहिल्यांदा वाजली तेव्हा हॉल गडबडला. पाय थांबले. नाचायचं कसं हे कळेना. ओळखीचं आहे पण चाल चुकीची वाटतेय, असं चेहऱ्यांवर दिसत होतं. त्याने रेटलं नाही. तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवला, मिनिटभर, दीड मिनिट, मान हलायला लागेपर्यंत. मग बाईंनी खरी तबकडी ४५वर सोडली. पहिल्या ओळीला शिट्ट्या. पिशवीवाल्या गृहस्थांपैकी एकाने रुमाल काढला. त्याचा फोटो कोणीही काढू नये असं त्यांच्या बरोबरच्यांनी सांगितल्यामुळे एवढंच लिहितो.

मध्ये एकदाच, नाचणारा एकजण टेबलाच्या पायावर आदळला. टेबल हललं. कडप्पा डुलला. सुई राहिली. बेंगळुरूवाल्याने वर न बघता अंगठा दाखवला. कुणाला, ठाऊक नाही. बहुधा कडप्प्याला.

काकांचा साडेअकराला फोन: “अजून किती?” बाराला बंद होईल म्हटलं. बाराला बंद केलं. व्यवस्थापकांना अजून चालवायचं होतं, परवाना होता, गल्ला चालू होता. पण शब्द दिला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोघं सकाळी मुंबईला गेले, डेक्कन क्वीन चुकली, मग टॅक्सी. ईपी बाईंना दिली. तिने पैसे पुढे केले, घेतले नाहीत, तर तिने पेटीतून एक बाबलाची ४५ काढून हातात ठेवली.

टर्नटेबलं परत. एका सुईच्या टोकाला मळाचा गोळा, ब्रशने काढून दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हिशेब. बारने ठरलेली रक्कम वेळेवर दिली. मानधन, राहणं, बसभाडं, साउंड, सुतार, कडप्पा, वेगळी लाइन ओढण्याची मजुरी. शेवटची बाब बारने आपल्या खात्यावर घेतली, कारण त्यांचा नेहमीचा हमही गेला. आमच्याकडे उरलं ते ग्रुपच्या एका चहाचं. व्यवस्थापक म्हणतात गुरुवारच्या मानाने दारू बरी खपली आणि लिंबू सरबत त्याहून बरं.

पुढची तारीख मार्गशीर्ष संपल्यावर, जानेवारीत. त्याआधी करायची कामं: डाव्या ट्यूबचा व्हॉल्व्ह गळतो, बदलायचा. टेबलाच्या पायांना जमिनीत खिळे ठोकण्यापेक्षा समोर एक ठेंगणी रेलिंग लावायची, म्हणजे आदळणारा रेलिंगवर आदळेल. शटरच्या खालची फट बुजवायची, तिथूनच निम्मा बेस बाहेर जातो असं साउंडवाल्याचं म्हणणं. काकांच्या खिडकीत उभं राहून पडताळून पाहायचं. काकांनी चहाला बोलावलंय, तेव्हाच मीटर घेऊन जाईन.

मालक पोटमाळ्यावर कॅरमचं टेबल टाकणार म्हणतात. टाकू देत.